हवा नव्हतीच: घाटात खाली गेलेल्या ब्रेक पेडलचे प्रकरण

गाडी पेट्रोल हॅचबॅक, वय ९ वर्षे, धाव ७८,००० किलोमीटर. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर आणि चाके लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा, म्हणजे आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणारी रचना. तक्रार अशी की गावात पेडल जरा खोल जाते, पण ब्रेक लागतो. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना मात्र शेवटच्या वळणांवर पेडल जवळजवळ फरशीला टेकले. दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक मिळाला. खाली तासभर थांबल्यावर पेडल पुन्हा पहिल्यासारखे झाले.

आधीच्या गॅरेजमध्ये दोनदा ब्रेकच्या तेलातली 'हवा काढून' झाली होती. दोन्ही वेळा गाडी बाहेर पडताना पेडल बरे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच आले. पुढचा सल्ला होता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने तेल चाकांकडे ढकलणारा भाग, बदलण्याचा. इथे मांडलेली गाडी आणि तिची मापे प्रातिनिधिक आहेत, पण असे प्रकरण गॅरेजमध्ये वरचेवर येते आणि बहुतेक वेळा याच चुकीच्या वाटेने जाते. म्हणून ते सुरुवातीपासून नीट पाहू.

पेडल नेमके कसे खाली जाते

निपलला (चाकाजवळच्या, हवा काढण्याच्या तोटीला) पाना लावण्याआधी पाच मिनिटे पेडलवर खर्च करायलाच हवीत. पेडल नरम असणे, खोल असणे आणि दाबून धरल्यावर हळूहळू बसत जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. लाइनमध्ये हवा असेल तर पेडल दाबाबरोबर लवचिकपणे खाली जाते, पाय जास्त रेटला की अजून थोडे जाते आणि शेवट असा कुठे लागतच नाही. ड्रमला आतून टेकणारे शू किंवा डिस्कला चिमटणारे पॅड आपल्या ड्रम-डिस्कपासून फार लांब राहत असतील तर पेडल आधी मोकळेच खोल जाते, पण तिथे पोचल्यावर घट्ट थांबते. मास्टर सिलिंडरची आतली रबरे गळत असतील तर पेडल आधी वर थांबते आणि पाय तसाच ठेवला की सरकत सरकत खाली जाते.

घोटाळा होतो तो पंपिंगमुळे. दुसऱ्या दाबाला पेडल वर आले की 'हवा आहे' असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण शूचे अंतर जास्त असले तरीही पंप केल्यावर पेडल वरच येते, कारण शू पूर्ण मागे परतण्याआधी मास्टर सिलिंडर जादा तेल पुढे ढकलतो. त्यामुळे पेडल वर आले की नाही यापेक्षा वर आल्यावर ते कसे लागते हे पाहायचे. हवा असलेले पेडल वर आले तरी स्पंजासारखेच राहते.

या गाडीची मापे इंजिन बंद ठेवून घेतली. आधी पाच-सहा वेळा पेडल दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवला, मग शू आपल्या जागी परतावेत म्हणून अर्धा मिनिट थांबून मोजणी सुरू केली. पायाखालची मॅट काढून टाकली. जाड मॅट दहा-बारा मिलीमीटर खाते आणि मोजमाप बिघडवते. मोकळे पेडल फरशीपासून १६५ मि.मी. वर होते. पहिल्या जोरकस दाबाला ते ५८ मि.मी. वर येऊन थांबले, आणि घट्ट थांबले. लगेच दिलेल्या दुसऱ्या दाबाला ते ८४ वर थांबले, तेही घट्टच. दोन मिनिटे पाय तसाच ठेवला तरी पेडल सरकले नाही. इंजिन सुरू करून हलक्या, स्थिर दाबानेही हीच चाचणी घेतली, कारण मास्टरची झिजलेली रबरे कधी कधी जोरात दाबल्यावर नीट बसतात आणि हलक्या दाबालाच गळतात. पेडल जागेवरच राहिले. मास्टर सिलिंडर बदलण्याचे कारण तिथेच संपले.

पाय दाबून धरलेला असताना इंजिन सुरू केले की पेडल थोडे खाली जायला हवे. तसे झाले, म्हणजे बूस्टर ठीक. बूस्टर बिघडला तर पेडल कडक होते, नरम नाही. 'पेडल नरम आहे, बूस्टर बदला' असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नये.

हँडब्रेक ओढून पाहणे

मागे ड्रम असलेल्या गाडीत पुढची चाचणी फुकट आहे आणि कमालीची उपयोगी आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडसर लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडलचा पहिला दाब मोजा. हँडब्रेक शूंना आधीच ड्रमला टेकवतो. त्यामुळे शू आणि ड्रममधल्या अंतराने खाल्लेली पेडलची चाल एकदम वाचते. या गाडीत हँडब्रेक ओढल्यावर पहिलाच दाब ८२ मि.मी. वर थांबला. ५८ चे ८२ झाले, म्हणजे २४ मि.मी. चाल फक्त मागच्या दोन चाकांत जात होती.

एवढ्याशा अंतराने पेडल इतके खोल कसे जाईल, अशी शंका येते. हिशोब करून पाहू. शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा व्यास १७.४६ मि.मी. धरला तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २.३९ चौरस सेंमी होते. प्रत्येक चाकात दोन पिस्टन. प्रत्येक पिस्टनला नेहमीपेक्षा १ मि.मी. जास्त सरकावे लागले तर एका चाकाला ०.४८ घन सेंमी आणि दोन चाकांना ०.९६ घन सेंमी तेल जास्त लागते. मास्टर सिलिंडरचा व्यास २०.६४ मि.मी. असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३.३५ चौरस सेंमी. म्हणजे मास्टरला ढकलणारा पुशरॉड सुमारे २.९ मि.मी. जास्त जाणार. पेडलचे गुणोत्तर ४ धरले, म्हणजे पुशरॉडच्या चौपट पाय सरकतो असे मानले, तर पायाखाली ११ ते १२ मि.मी. जातात. आपल्या २४ मि.मी.साठी पिस्टनला २ मि.मी. जास्त सरकणे पुरते, आणि शू खालच्या टोकाशी टेकलेला असल्याने त्याच्या मध्यभागी हे अंतर जेमतेम १ मि.मी. असते. डोळ्याला हा फरक दिसत नाही, पायाला मात्र लगेच कळतो.

पुढच्या डिस्कलाही हेच गणित लागू आहे. ५१ मि.मी. पिस्टनचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) असेल आणि दोन्ही बाजूंचे पिस्टन ०.१ मि.मी. जास्त मागे गेले तर पेडलची सुमारे ५ मि.मी. चाल जाते. डिस्क वाकडी फिरत असेल किंवा व्हील बेअरिंगमध्ये खेळ असेल तर वळण घेतल्यावर पॅड असे मागे ढकलले जातात आणि पुढचा पहिला दाब खोल जातो. या गाडीत डायल गेजवर डिस्कचा वाकडेपणा ०.०४ मि.मी. निघाला आणि बेअरिंग घट्ट होते, म्हणून पुढची बाजू या संशयातून सुटली.

दोष नक्की कुठे आहे

हँडब्रेकच्या चाचणीने दिशा दाखवली. खात्रीसाठी चाकांकडे जाणाऱ्या चारही लवचिक होजना (रबरी नळ्यांना) गुळगुळीत जबड्यांचे होज क्लॅम्प लावले. साधी पकड किंवा दातेरी लॉकिंग पकड इथे कधीही वापरू नये, त्याने होजचे आतले अस्तर तुटते. स्टीलच्या जाळीचे होज असतील तर क्लॅम्प लावूच नये, आणि जुन्या होजवर भेगा असतील तर आधी तो बदलावा. चारही होज बंद असताना पेडल अगदी वर आणि दगडासारखे घट्ट लागले. याचा अर्थ मास्टर सिलिंडर, एबीएसचा ब्लॉक आणि तिथपर्यंतचे पाइप यांत हवा नाही. पुढचे दोन क्लॅम्प सोडले तेव्हा पेडल थोडेच उतरले, जे कॅलिपरच्या बाबतीत अपेक्षितच असते. मागचा डावा सोडल्यावर ते स्पष्ट खाली आले आणि उजवा सोडल्यावर आणखी तेवढेच खाली. दोष दोन्ही मागच्या चाकांत, जवळपास सारखाच होता.

या चाचणीला वीस मिनिटे लागतात. तिने एक मास्टर सिलिंडर, एक व्यर्थ ब्लीडिंग (हवा काढणे) आणि गाडीमालकाचा बराच पैसा वाचला.

ड्रम उघडल्यावर

ड्रम सहज निघाला नाही. कडेला गंजाची आणि झिजेची कड तयार झाली होती. ड्रमवरच्या दोन आटेदार भोकांत एम ८ चे बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे घट्ट करत नेले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोडा मारायचाच तर चाकाचे बोल्ट आणि बेअरिंग सांभाळून मारावा. आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नये. ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने भिजवून ती ट्रेमध्ये उतरवावी. ती फुफ्फुसात जाण्याची वस्तू नाही, आणि हे छोट्या गॅरेजमध्ये अजूनही फार हलक्यात घेतले जाते.

दोन्ही बाजूंना शूवर १.५ मि.मी.च्या आसपास लायनिंग (घर्षणाचा थर) उरले होते. म्हणजे ते किमान मर्यादेच्या जवळ आले होते, आणि ॲडजस्टरने (झिजेप्रमाणे शू ड्रमजवळ नेणाऱ्या भागाने) आतापर्यंत बरेच दाते पुढे जायला हवे होते. तो मध्येच अडकून थांबला होता. त्याच्या स्टार व्हीलच्या (दातेरी चाकाच्या) आट्यांमध्ये गंज आणि धूळ घट्ट बसली होती. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांच्या ड्रममध्ये हे हमखास दिसते.

मग हँडब्रेक इतका चांगला कसा लागत होता? लिव्हर पाचव्या खटक्यालाच पकड घेत होता. शू इतके लांब असताना तो नवव्या-दहाव्या खटक्यापर्यंत जायला हवा होता. उत्तर लिव्हरखाली होते. केबलचा नट आटे संपेपर्यंत आवळलेला होता. कधीतरी हँडब्रेक सैल झाल्याची तक्रार आली असणार आणि ती केबल ओढून मिटवली गेली. ड्रम ब्रेकमध्ये हँडब्रेकचे खटके वाढणे हीच शू लांब गेल्याची पहिली सूचना असते. केबल आवळली की सूचना बंद होते आणि रोग आत वाढत राहतो. शिवाय केबल जास्तच ताणलेली असेल तर शूवरचा हँडब्रेक लिव्हर आपल्या थांब्यावर परत येत नाही, आणि चांगला ॲडजस्टरही पुढचा दाता पकडू शकत नाही. हँडब्रेक सैल झाला तर आधी ड्रम उघडून ॲडजस्टर पाहायचा. केबलचा नंबर शेवटी.

व्हील सिलिंडरचे रबरी बूट उचलून पाहिले. आत किंचित ओलसरपणा चालतो, थेंब जमलेला चालत नाही. इथे कोरडे होते. मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडतो तिथेही पाहिले, कारण मागचे सील गळले तर तेल बूस्टरच्या पोटात जाते आणि बाहेर कुठेच डाग दिसत नाही. रिझर्व्हायरमधले (ब्रेक तेलाच्या डबीतले) तेल कमी होत असूनही गळती सापडत नसेल तेव्हा ही जागा विसरू नये.

घाटात काय झाले

शूच्या अंतराने गावातले खोल पेडल समजले. घाटात पेडल फरशीला टेकले त्याला दुसरा दोष जोडीला होता. पुढच्या कॅलिपरच्या निपलमधून काढलेले तेल चहाच्या काळपट रंगाचे होते आणि पाणी मोजणाऱ्या टेस्टरने ३ टक्क्यांच्या वरची खूण दाखवली. आधीच्या 'हवा काढण्यात' फक्त मागच्या निपलमधून थोडे तेल गेले होते. पुढचे तेल अनेक वर्षे तसेच होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. होजच्या रबरातून आणि रिझर्व्हायरच्या झाकणातून तो हळूहळू आत येत राहतो. डॉट ३ दर्जाच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १४० अंश सेल्सियस असतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आता घाटाचा विचार करा. भरलेली १,२०० किलोची गाडी पाचगणीहून वाईपर्यंत सुमारे ५५० मीटर उतरते, तेव्हा सुमारे ६.५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेत अडीच लिटर थंड पाण्याची पूर्ण वाफ होईल. गाडी न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये सोडली तर यातला मोठा वाटा डिस्क आणि ड्रममध्ये जातो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरली तर इंजिन त्यातला बराच भार उचलते. पाणी मुरलेले तेल कॅलिपरमध्ये उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. थंड झाल्यावर वाफ पुन्हा विरते, म्हणून खाली तासभर थांबल्यावर पेडल परत आले. पुढच्या गॅरेजमध्ये पोचेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो.

दोन्ही दोष एकमेकांना कसे मिळाले ते इथे कळते. पेडल वर थांबत असते तर वाफेने खाल्लेली चाल सोसायला जागा होती. शूंनी आधीच २४ मि.मी. खाल्ल्यामुळे ती जागाच उरली नाही. आडव्या-तिडव्या दोन सर्किटच्या रचनेत (प्रत्येक सर्किटवर एक पुढचे आणि विरुद्ध बाजूचे एक मागचे चाक) एक सर्किट निकामी झाले तरी दुसरे काम करते, पण त्यासाठी पेडलला आणखी खाली जायला वाव लागतो. खोल पेडल 'चालते आहे ना' म्हणून सोडून देणे या कारणाने चुकीचे आहे.

दुरुस्ती

सर्वात आधी हँडब्रेकच्या केबलचा नट पूर्ण सैल केला. हा क्रम उलटा झाला तर पुढचे सगळे मोजमाप खोटे ठरते. शू दोन्ही बाजूंचे बदलले. लायनिंग थोडे उरले होते, पण ड्रम उघडलाच आहे तर इतक्या जवळ आलेले शू परत बसवण्यात अर्थ नाही. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे स्प्रिंगांची जागा पाहायला दुसरी बाजू शाबूत राहते. डावा आणि उजवा ॲडजस्टर एकमेकांच्या जागी बसवू नयेत. त्यांचे आटे उलट दिशेचे असतात आणि अदलाबदल झाली तर ब्रेक दाबताना शू जवळ येण्याऐवजी ॲडजस्टर आखडत जातो. गाडी दुरुस्तीनंतर महिन्याभरात पुन्हा खोल पेडल घेऊन आली तर पहिला संशय याचाच घ्यावा. ड्रमचा आतला व्यास त्यावर कोरलेल्या कमाल मापापेक्षा कमी निघाला, म्हणून ते राखले आणि फक्त कडेची कड घासून काढली.

ॲडजस्टरचे आटे वायर ब्रशने साफ करून त्यांना उष्णता सोसणारे ब्रेक ग्रीस चोळले. बॅकप्लेटवर (शूंमागच्या पत्र्यावर) शू जिथे घासतो त्या उंचवट्यांनाही पातळ थर दिला. साधे चासिस ग्रीस इथे वितळून लायनिंगवर जाते. ड्रम बसवून, हाताने फिरवताना अगदी हलकी घासण्याची जाणीव येईपर्यंत स्टार व्हील पुढे नेला. मग पेडल वीस-तीस वेळा दाबून शू मध्यावर आणले आणि पुन्हा तपासले. त्यानंतरच केबलचा नट असा बसवला की हँडब्रेक पाचव्या ते सातव्या खटक्याला पकड घेईल आणि सोडल्यावर चाक मोकळे फिरेल. नेमके खटके त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे घ्यावेत.

आता तेल. नवीन, सीलबंद डॉट ४ चा एक लिटर घेतला. उघडून ठेवलेल्या जुन्या डब्यातले तेल वापरू नये. रिझर्व्हायरमधले काळे तेल सिरिंजने काढून नवे भरले, नाहीतर तेच घाण तेल सगळ्या लाइनमधून फिरवत बसावे लागते. निपल रिंग पान्यानेच उघडायचा, साध्या पान्याने त्याच्या कडा गोल होतात. पारदर्शक नळीचे टोक थोडे नवे तेल भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवायचे. पेडल सावकाश दाबायचे आणि निपल बंद केल्यानंतरच सोडायचे. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे ठेवायचा. प्रत्येक चाकातून साधारण दोनशे मिलिलिटर तेल गेल्यावर रंग स्वच्छ झाला. निपलचा टॉर्क (आवळण्याचा जोर) ७ ते १० न्यूटन मीटरच्या आत असतो. हातात ताकद आहे म्हणून आवळला तर तो पुढच्या वेळी तुटतो.

जुन्या गाडीत तेल काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवणे आवश्यक आहे. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे पिस्टन शेवटपर्यंत कधीच जात नाहीत. त्या न वापरलेल्या भागावर गंज आणि गाळ बसलेला असतो. पेडल फरशीपर्यंत दाबत राहिले की रबराच्या धारा त्यावरून घासल्या जातात आणि चांगला मास्टर त्याच दिवशी निकामी होतो. मग 'हवा काढताना मास्टर गेला' असे म्हटले जाते. तो गेलेला नसतो, घालवलेला असतो.

रिझर्व्हायर एकदाही किमान खुणेखाली जाऊ दिला नाही, म्हणून एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा जाण्याचा प्रश्न आला नाही. तो कोरडा पडला असता तर स्कॅन टूलने एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवून हवा काढावी लागली असती. रंगावर तेल सांडले तर फडक्याने पुसून थांबू नये, भरपूर पाण्याने धुवावे.

नंतरची मापे

पहिल्या दाबाला पेडल ८५ मि.मी. वर घट्ट थांबले. हँडब्रेक ओढून मोजल्यावर ८६. दोन्ही मापांतला फरक जवळपास मिटला, म्हणजे शू आता जागेवर आहेत. रिकाम्या रस्त्यावर आधी ताशी २० किलोमीटरला, मग ४० ला थांबून पाहिले. नवीन शू ड्रमला नीट बसेपर्यंत पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये जोरात ब्रेक टाळायला सांगितले. परत आल्यावर चारही निपल आणि व्हील सिलिंडर हाताने चाचपले, कोरडे होते.

गाडीमालकाला तीन आकडे लिहून दिले: पहिल्या दाबाचे माप, हँडब्रेकचे खटके आणि तेल बदलल्याची तारीख. हजार किलोमीटरनंतर खटके दोनपेक्षा जास्त वाढले असतील तर ॲडजस्टर काम करत नाही, ड्रम पुन्हा उघडायचा, केबलला हात लावायचा नाही. खटके तेवढेच असून पेडलचे माप कमी झाले तर लक्ष पुढच्या चाकांकडे, म्हणजे पॅड, डिस्क आणि बेअरिंगकडे वळवायचे. तेल दोन वर्षांनी बदलायचे, आणि घाटात वारंवार जाणे असेल तर पावसाळा संपल्यावर त्यातले पाणी तपासून घ्यायचे.